ठेंगणीचं बोट

४ जानेवारी

ही डायरी फुकट मिळाली. फुकटची वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही, म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंत. माझं अक्षर माझं मला लागतं, तेवढं पुरे. दुसऱ्या कोणी वाचायचं कारण नाही.

प्रत्येक पानावर वर छापलंय, 'आज मला कशाचा आनंद झाला?' नुसता चोंबडेपणा. झाला तर पानाला कशाला सांगत बसू?

तर आजपासून इस्पितळाचं धुलाईघर सरकारी खातं आणि एक कंपनी असं दोघांनी मिळून चालवायचं ठरलंय. भिंती खात्याच्या, यंत्रं कंपनीची. मग आम्ही बायका कोणाच्या, असं मी भर सभेत विचारलं. कंपनीचा पोरगेला साहेब आला होता, गळ्यात टाय. तो हसून म्हणाला, मावशी, तुम्ही दोघांच्या. मी म्हटलं, दोन घरचा पाहुणा उपाशी. मग जरा कमी हसला.

खात्याचे साहेब बरंच बोलले. मुद्दा एवढाच की सहा महिने बघायचं. ज्या जुन्या बाईला कंपनीत जमणार नाही तिला खातं जूनअखेर परत घेईल, दुसरीकडे काम देईल. पण ती खरंच नाखूश आहे हे दिसलं पाहिजे. मी अर्धंच ऐकलं. खुर्च्या कमी होत्या आणि माझी टाच ठणकत होती. ठेंगणीनं मात्र शब्द न् शब्द ऐकला. तिची मान एकदाही वळली नाही.

ठेंगणी म्हणजे माझी जोडीदारीण. चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. ताणायची, झटकायची, चालत जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, परत मागं जायचं. दिवसभर हेच. स्वतःच्या नवऱ्याकडे मी जन्मात इतक्या वेळा चालत गेले नसेन. ती बुटकी, मी ताडमाड, म्हणून आमची चादर कायम उताराला. जोडी बदला असं किती जणींनी सांगितलं. आम्ही नाही बदलली. तिच्या झटक्यावरून मला सगळं कळतं. बारीक झटका म्हणजे घरी सुनेशी वाजलंय. दोन झटके म्हणजे तुझ्यामागे कोणीतरी उभं आहे, तोंड आवर.

१२ जानेवारी

दारात नवं यंत्र बसवलंय. जाताना खालच्या काचेवर बोट टेकायचं की आपलं नाव उमटतं. मग वर तीन तोंडं दिसतात, हसरं, मधलं आणि रडकं. आज काम कसं वाटलं ते तोंड दाबून सांगायचं.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. आमची बोटं सोड्यानं खाल्लेली. रेषाच उरल्या नाहीत. यंत्र कोणालाच ओळखेना, दारात रांग, घरी जायची घाई. शेवटी मी पुढे झाले. कोरड्या फडक्यानं बोट खसखसून पुसायचं, काचेवर ठेवायचं आणि वरून आपल्या अंगठ्यानं दाबून धरायचं. ओलं बोट अजिबात चालत नाही. अशी एकेकीला काढली. रांग संपली. टायवाला बघत होता.

तोंडांचं काय करायचं हे बायकांना कळेना. मी म्हटलं, अगं, कोणी विचारलं, कसं चाललंय, तर आपण काय म्हणतो? बरं चाललंय म्हणतो. आल्यागेल्यापुढे कोणी रडगाणं गातं का? दाबा हसरं आणि चला. सगळ्यांना पटलं.

२० जानेवारी

मी गटप्रमुख झाले. दंडाला हिरवी पट्टी. टायवाल्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की मावशींच्या आवाजात जरब आहे. इतकी वर्षं याच आवाजापायी मला तोफ म्हणत आले, आज पहिल्यांदा त्याचं कौतुक झालं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, पट्टी तोंडाला बांधली असती तर जास्त उपयोग झाला असता. त्याला काय कळतंय. जन्मभर पहारेकरी होता, पहाऱ्यावर झोपायचा.

आनंद कशाचा झाला, तर पट्टीचा. लिहिलं. झालं समाधान?

६ फेब्रुवारी

शिवणखोली बंद केली. फाटकी चादर आता शिवायची नाही, टाकायची. शिवणवालीला गरम रुळावर पाठवलं. चादर त्यातून इस्त्री होऊन निघते. पहिल्याच दिवशी तिचा कोपर भाजला.

शिवणखोली नुसती शिवणाची नव्हती. कोणाचा हात धरला, कोणाची कंबर गेली की ती चार दिवस तिथे सुई घेऊन बसायची. कोणी कोणाला विचारायचं नाही. आता बसायची जागाच नाही. ठेंगणीचा उजवा खांदा थंडीपासून धरलाय. खांद्याच्या वर हात जात नाही. मी तिला म्हटलं, जाईल. ती म्हणाली, शिवणखोलीसारखा ना?

१७ फेब्रुवारी

ठेंगणीचं बोट सगळ्यांत वाईट. तिनं सोड्याच्या टाक्यावर सगळ्यांत जास्त वर्षं काढली आहेत. मी दाबून धरल्याशिवाय यंत्र तिला ओळखतच नाही. आणि तोंडं वर, माझ्या डोळ्यांच्या रेषेत. तिला मान उंच करूनही काचेची नुसती चमक दिसते, आणि हात तर वर जातच नाही. म्हणून तिचं बोट मी धरते आणि वरचं तोंडही मीच दाबते.

आज हळूच म्हणाली, माझं रडकं दाब.

मला वाटलं थट्टा करते. नाही. खात्याच्या दुसऱ्या इस्पितळात कपडेकोठीवर एक जागा आहे, बसून मोजून द्यायचं काम. तिथल्या बाईशी तिचं बोलणं झालंय. पण खातं परत घेणार ते यंत्रात बघून. रोज रडकं असलं तर जूनमध्ये विचार. इथे राहिले तर खांदा कायमचा जाईल, म्हणाली, आणि रोजचे ठरलेले गठ्ठे पुरे झाले नाहीत की कंपनी वर्षअखेर हातात नारळ देईल.

मी विचारलं, आणि मी काय करू?

ती म्हणाली, तुला मिळेल की कोणीतरी उंच.

रडकं दाबलं.

२६ फेब्रुवारी

दर शनिवारी गटप्रमुखांच्या खोलीतल्या फळ्यावर गटागटाचं समाधान लावतात. आमच्या गटात एक रडकं तोंड, रोज. बाकीच्या गटप्रमुख माझ्याकडे बघून ओठ दाबून हसतात. टायवाल्यानं बाजूला घेऊन विचारलं, मावशी, तुमच्या गटात कोणीतरी दुःखी आहे, तुम्हाला माहीत असेल ना? मी म्हटलं, बघते. मला एवढं लाजल्यासारखं झालं, जसं काही पाहुण्यांसमोर माझ्याच घरातलं पोर भोकाड पसरून बसलंय.

पहिल्या येणाऱ्या गटाला थंड पाण्याचं यंत्र मिळणार आहे. रुळाजवळच्या बायकांना किती गरज आहे. एकीच्या हट्टापायी सगळ्या तहानलेल्या.

४ मार्च

आज ठेंगणीचं बोट धरलं आणि वर हसरं दाबलं.

तिनं विचारलं, दाबलंस? मी म्हटलं, दाबलं.

लिहून ठेवते, कारण मला लपवाछपवी आवडत नाही. खातं कुठलं परत घेतंय? एकदा टाकलेलं कोणी उचलतं का? उद्या नाखूश बायका म्हणून हिचंच नाव पहिलं काढतील. तिच्या भल्याचंच केलं. शिवाय तिथे कोठीत ओळखीचं कोण आहे तिच्या? दिवसभर एकटी उशांचे अभ्रे मोजत बसेल. तिला बोलायला माणूस लागतं.

१९ मार्च

पाण्याचं यंत्र आमच्या गटाला मिळालं. टाळ्या झाल्या. ठेंगणीही प्याली. म्हणाली, पाणी चांगलं आहे हो, गोड लागतंय. मग मला हळूच म्हणाली, माझं रडकं असूनही मिळालं म्हणजे कमाल आहे. मी म्हटलं, हं.

मी काही आज ते पाणी घेतलं नाही. फार गार होतं.

८ एप्रिल

तिचा हात आता छातीपर्यंतच येतो. मी गुडघे वाकवून घडी घालते, म्हणजे चादर सारखी राहते. तिच्या वाटणीची गाडीही मीच ढकलते. तिचे गठ्ठे माझ्यातले घालून पुरे करते. घरी आले की गुडघ्यांवर शेक. नवरा म्हणतो, दुसऱ्याच्या खांद्यासाठी स्वतःचे गुडघे फोडतेस, असं काय आहे तिच्यात? मी म्हटलं, पहारेकऱ्यानं झोपावं.

मी असताना तिचं काय अडतंय, हे मला कळत नाही. उठसूट कोठी कोठी.

२ मे

रोज विचारते. दाबलंस? दाबलं.

आता तिला विचारायचीही सवय झालीय आणि मला सांगायचीही. काही वाटत नाही, असं लिहिणार होते. पण मग फडक्यानं बोट पुसताना मी तिच्याकडे न बघता भिंतीकडे का बघते?

५ जून

फोटो काढला. सबंध धुलाईघरात आमचा गट सगळ्यांत समाधानी. टायवाला म्हणाला, हसा मावशी. मी हसले. दात दिसले. तो म्हणाला हा फोटो दारात लावू, आणि ज्या दुसऱ्या इस्पितळांची धुलाईघरं पुढे घ्यायची आहेत तिथल्या बायकांनाही दाखवू, म्हणजे त्यांची भीती जाईल.

ठेंगणी फोटोत माझ्या काखेखाली उभी. तीही हसतेय. तिला वाटतंय, तिचे इथले थोडेच दिवस राहिलेत. कोठीत बसायला उशी शिवतेय, म्हणाली. निळी घेऊ की तपकिरी? मी म्हटलं, तपकिरी घे, मळत नाही.

२४ जून

आज झालं.

खात्याचे साहेब आले होते. परत जायचंय त्यांनी एकेकीनं आत जायचं. गटप्रमुखानं सोबत बसायचं, असा नियम. आमच्या गटातून एकटी ठेंगणी. बाहेर तिनं मला विचारलं की केस नीट आहेत का. मी तिची एक बट कानामागे केली.

आत टेबलाला एकीकडे साहेब, एकीकडे टायवाला, मध्ये संगणकाचा पडदा. ठेंगणीनं खांद्याचं सांगितलं. कोठीचं सांगितलं. नीट बोलली, रडली नाही. साहेब चांगले आहेत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पडद्याकडे बघितलं.

"बाई, तुम्ही तर मार्चपासून रोज खूश आहात."

ती म्हणाली, यंत्र चुकत असेल. टायवाला अगदी मऊ आवाजात म्हणाला, "यंत्र कसं चुकेल आजी? बोट तुमचंच आहे."

ठेंगणीनं आपल्या बोटाकडे बघितलं. उलटं केलं, सुलटं केलं. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. चादरीला भोक दिसलं की आपण बघतो तेवढाच.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही रोज दारात असता. काय चाललंय यांचं?"

माझी जीभ एवढी मोठी, तोफ म्हणतात मला. मी म्हणाले, "बरं चाललंय, साहेब."

मला वाटलं, आता ती माझं नाव घेईल. घ्यायला हवं होतं. ती म्हणाली, असेल साहेब, माझं बोट झिजलंय आणि मला वरचं दिसत नाही. उठली. खुर्ची जाग्यावर सारून ठेवली.

२५ जून

ती कामाला आली. माझ्यासमोर उभी राहिली. टोकं धरली. ताणली. पण झटका नाही. नुसती चादर. दिवसभर जवळ यायची, टोकाला टोक लावायची, मागं जायची, आणि मला काहीसुद्धा कळत नव्हतं. टायवाला मागं येऊन उभा राहिला तरी तिनं सांगितलं नाही. मी दचकले.

जाताना बोट माझ्यापुढे धरलं. दुसरं कोण धरणार? मी पुसलं, दाबलं. वर हात गेला आणि थांबला. काय दाबू, विचारलं. ती म्हणाली, तुला ठाऊक आहे की.

२७ जून

सगळं सांगितलं तिला. रुळाच्या मागं, वाफेत, कोणाला ऐकू जाणार नाही अशा जागी. तिथेही माझी सोय बघूनच बोलले, हे आता लिहिताना लक्षात आलं.

फळ्याचं सांगितलं, पाण्याच्या यंत्राचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, अजून काही? मी म्हटलं, नाही.

आहे. ते माझ्या तोंडून निघालं नाही. फळा, पाणी, पट्टी सगळं खरं आहे. पण चार मार्चला बोट धरलं तेव्हा माझ्या मनात फळा नव्हता. माझ्या मनात एवढंच होतं की उद्या समोरून चादर धरून दुसरी कोणीतरी चालत येईल, उंच. मी माझ्यापुरतं बघितलं आणि तिचं भलं म्हणून इथे लिहून ठेवलं. वर मलाच ते खरं वाटलं.

ती म्हणाली, "मी रोज विचारायचे, दाबलंस का. तू म्हणायचीस, दाबलं. यात खोटं काय होतं, सांग." आणि चादर उचलली.

३० जून

काल खात्याच्या कचेरीत गेले. ठेंगणीला न सांगता. साहेबांना सांगितलं की तिचं तोंड मी दाबत होते. साहेबांनी चष्मा पुसला. विचारलं, फक्त त्यांचंच? मी म्हटलं, ज्यांची बोटं लागत नव्हती त्यांची बोटं मी धरायचे, आणि घाईत त्यांचंही वरचं मीच. हसरंच. कोणी काही म्हणायच्या नाहीत.

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर लावला. मग म्हणाले की धुलाईघराचं समाधान वर कळवून झालंय. एकीचं खोटं म्हटलं तर सगळ्यांचंच खोटं ठरतं, आणि ते आता कोणालाच नकोय. बाई, महिन्यापूर्वी आला असतात तर. हे मात्र त्यांनी खाली बघून म्हटलं. मला वाटतं त्यांनाही लाज वाटत होती. मला त्याचं बरं वाटलं. मग बरं वाटलं याचीही लाज वाटली.

आज टायवाल्यानं बोलावलं. ओरडला असता तर मी पुरून उरले असते. तो म्हणाला, मावशी, मी तुमच्यावर विश्वास टाकला होता. पट्टी काढून घेतली. मला सोड्याच्या टाक्यावर टाकलं, मळक्या चादरी भिजवायच्या. रुळाच्या भिंतीपलीकडे. पट्टी शिवणवालीला दिली, आणि ठेंगणीसमोर घडीलाही तीच.

११ जुलै

वरची तोंडं गेली. यंत्रावर आता फक्त काच, येताजाता हजेरीला. तोंडं पुढच्या इस्पितळात लावणार म्हणे. फोटो मात्र तिथेच आहे. रोज जाताना मीच माझ्याकडे बघून दात काढते.

आता मला रडकं दाबायचं होतं. कुठे दाबू?

२ ऑगस्ट

टाक्यावर बोलायला कोणी नाही. हातमोजे दिलेत ते फाटके, सोडा आत जातो. दुसरे मागितले तर म्हणाले, मागणी कळवू. भिंतीपलीकडून चादरी झटकल्याचा आवाज येतो. त्यातला ठेंगणीचा कुठला, हे मी ओळखायला बघते. ओळखू येत नाही. तिचे गठ्ठे कमी पडतात, तिला एकदा ताकीद मिळाली, असं शिवणवाली सांगत होती. शिवणवाली गुडघे वाकवत नाही. तिनं का वाकवावे?

घरी नवरा म्हणाला, हल्ली फार गप्प असतेस. मी म्हटलं, तुझी झोप मोडू नये म्हणून. तो हसला नाही. चहा करून आणला. त्यालाही काहीतरी दिसत असेल.

२१ ऑगस्ट

आज यंत्रानं मला ओळखलं नाही.

पुसलं, परत टेकवलं. नाही. माझ्या बोटाच्या रेषा गेल्या. मागं रांग लागली. कोणीतरी म्हणालं, तोफ बंद पडली वाटतं. हसल्या. मी उजव्यानं टेकवून डाव्यानं दाबून बघितलं, तरी नाही. मागं वळून मदत मागावी म्हटलं तर कोणत्या तोंडानं? या रांगेतली एकही बाई अशी नव्हती की जिचं बोट मी धरलं नव्हतं.

ठेंगणी रांगेतून पुढे आली. उजवा हात अंगाशी तसाच. डाव्या हातानं तिनं माझ्या एप्रनच्या खिशातलं फडकं काढलं, माझं बोट पुसलं, मी पुसायचे तसंच, खसखसून, नखाकडून खाली. काचेवर ठेवलं. वरून आपला अंगठा दाबला.

"हात सैल सोड," म्हणाली. "मी धरलंय ना."

ती यंत्राकडे बघत होती, भिंतीकडे नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला तोच हात उचलायला गेले आणि तसाच ठेवला. अजून नाव उमटलं नव्हतं, आणि ओलं बोट चालत नाही.